निंबाखालचा कोपरा

कोयनानगर,
ता. १८ ऑक्टोबर १९५७

तीर्थस्वरूप रामकिसनभाऊ यांस,

भुजंगाचे दोन्ही हात जोडून नमस्कार. मायच्या पायावर डोकं. कवड्या बैलाच्या पाठीवर एक थाप, त्याला कळंल कोणाची ते. मी इकडं बराबर आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल, असं धरून चाललोय.

भाऊ, तुहं पत्र पोचलं. तुहं म्हणजे तू सांगितलेलं अन् बद्रीनाथाच्या हातचं. आपल्या घरात शाळेचं तोंड पाह्यलं ते मी एकट्यानं, ते बी चौथीपर्यंत. तो मी इथं डोंगर पोखरून राह्यलो. मंग घरात वाचणारं कोण उरलं? गल्लीतला बद्री. सातवी पास. मी लिहितो ते तो तुला अन् मायला वाचून दाखवितो, तुम्ही बोलता ते तो मला लिहून धाडतो. दोन भावांच्या मधात हा एक पूल. पूल असावा, पण पुलानं दोन्हीकडचं आपलं म्हणू नये. वाच बद्री, हे बी मोठ्यानं वाच.

इथलं काय सांगू. सुरुंग उडाला की धूर निघस्तोर बाहेर बसायचं. मंग आत जाऊन फुटलेला दगड डब्यात भरायचा अन् डबा रुळावरून लोटत उजेडात आणायचा. दिवसभर तेच. जेवायला भात. भाकरीचं नाव काढलं तर हे लोक सण आहे का म्हणून विचारतात. आमचा सैपाकी एक म्हातारा आहे. त्यानं वांगं केलं की मी चटणीवर भागवितो. परवा तो मला म्हणला, "मराठवाड्याचा गडी अन् वांगं खाईना? आईनं काय दूध-शेवयावर वाढवला का रं?" सगळे हसले. मी बी हसलो. न्हाई आवडत मला, बस्स.

आता तुह्या पत्राचं. पिंपळगावच्या बाजारात बद्रीनं तीन दगड मांडून चूल पेटविली, आपल्या वावरातल्या वांग्याची भाजी मायनं तिथंच केली, अन् बद्रीनं सगळ्या बाजारादेखत ती खाल्ली, असं तू लिहिलंस. एक बाजार झाला, दोन झाले, तीन झाले. घेतलं कोणी न्हाई. पाहायला मात्र गर्दी, जसं काय डोंबारी आलाय.

घेतील कसे? पाच वर्षं झाली, लोक त्याला इखाचं वावर म्हणून राह्यले. आधी निंबाचं वावर म्हणायचे. केदारखेड्याला सगुणाबाईच्या पोरीचं लग्न झालं, पंगतीत आपली वांगी होती, बावीस माणसं आडवी पडली. कोणी मेलं न्हाई ही रेणुकाईची मेहरबानी. पण सगुणाबाईचा बैल मेला, देठं अन् पाला खाऊन. लोक हे एका वर्षात विसरत न्हाईत. अन् एका चुलीनं बी विसरत न्हाईत.

तू तीन वर्षं राबला हे मला कळतं भाऊ. वीतभर माती सगळ्या वावराची खरवडली, गाडीनं दूर माळावर नेऊन खड्ड्यात पुरली. तळ्याचा गाळ आणून पसरला. विहीर मोटेनं तळाला लागस्तोर उपसली. दोन साल ताग पेरला अन् वावरात न गाडता उपटून जाळला. हे सगळं मी पत्रातून ऐकलं. त्या सगळ्यात बद्री तुह्या संगं होता, हे बी पत्रातूनच ऐकलं. लिहिणारा तोच, मंग स्वतःला कमी कशाला लिहील?

चुलीला फुंकर घालायला बद्री, भाजी करायला माय, बाजूला उभा तू. मी डोळे मिटून ते पाहून राह्यलो, तर मला उभं राहायला जागा दिसंना. तीन दगड मांडले ना? एक तरी माह्या नावानं मांडायचा.

तवा चावडीत पंचापुढं तू म्हणला होतास, "माह्या हातून झालं, पावडर जास्त पडली." टोळधाडीची ती सरकारी पावडर. जाऊ दे. जुनं उकरून काय करायचं.

तुहा धाकटा,
भुजंग


कोयनानगर,
ता. ३० जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप रामकिसनभाऊ यांस,

नमस्कार. मायला दंडवत. संक्रांतीचा तीळगूळ पोचला, पुडी फुटली होती पण गोड तेवढाच होता. इथं आम्ही सहा जणांनी वाटून खाल्ला. एकजण म्हणला, "भावानं धाडला का?" मी हो म्हणलो. पुडीवरचं अक्षर कोणाचं ते सांगितलं न्हाई.

तर सगुणाबाई जेवली म्हणायची.

तुह्या पत्रातली ती हकिगत मी चारदा वाचली. बद्रीला लिहिता बराबर येतं, हे कबूल. सगुणाबाई चौथ्या बाजाराला आली, चुलीपुढं बसली, एक वांगं घेतलं, बोटानं फोडलं अन् नाकाला लावलं. त्या पावडरीचा कुबट वास तिला ठाऊक, बैलाच्या तोंडाला तोच आला होता.

बद्री म्हणला, "मावशे, वास येतो का?"

"न्हाई येत."

"मंग?"

"नाकावर काय इमान ठिवू? त्या दिवशी बी नाक हेच होतं. तू खा. माह्यासमोर बारा बाजार खा. एक बी चुकवायचा न्हाई. तेराव्याला तू जिता दिसला तर मी खाईन."

"अन् बाराव्याला मेलो तर?"

"तर तुह्या तेराव्याला येईन. जेवण कायला सोडू?"

सगळा बाजार हसला म्हणे. अन् मंग बारा बाजार ती बाई केदारखेड्याहून पायी आली, दर खेपेला त्याची जीभ पाह्यली, डोळ्याची पापणी ओढून पाह्यली, अन् परत गेली. तेराव्याला तिनं भाकरीवर भाजी घेतली अन् उभ्या-उभ्या खाल्ली. मीठ कमी आहे म्हणली. त्या दिवशी दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी झाली. अन् दुसऱ्या दिवशी गाव आपल्या वावरात हुरडा खायला आलं, पाच वर्षांनी.

भाऊ, मी खूश आहे. बिलकुल खूश आहे. फक्त एवढं सांग, आगटी कोणी पेटविली? हुरड्याची कणसं भाजायचं काम लहानपणापासून माहं. कोणतं कणीस कधी उलटायचं हे माह्या बोटाला माहीत, तू सुद्धा करपवायचास. बद्रीनं भाजली ना? लोक म्हणले असतील, वा, काय हुरडा. म्हणले असतील, रामकिसनला हा भाऊच मिळाला. म्हणलेच असतील. तू पत्रात लिहिलं न्हाईस ते मी इथून ऐकून राह्यलो.

मला हे बी कळलंय की तो आता आपल्याच घरी जेवतो. जेवू दे. एकटा जीव, त्याला मागं-पुढं कोणी न्हाई. पण माह्या पितळीत त्याला वाढू नका. ती पितळी मला मायच्या माहेरून आलेली आहे, काठाला माह्या दाताचा खळगा आहे. त्यात त्याला वाढलं तर ती पितळी नदीत गेली असं मी समजून घेईन. आणि कवड्याला त्याच्या हातानं जुंपू नका. कवड्या वासरू असताना मी त्याला बोटानं दूध पाजलं आहे.

बद्री, घशात अडकलं का रं? पाणी पी अन् पुढं वाच.

अजून एक. निंबाखालचा कोपरा तसाच पडीक आहे ना? तो तसाच राहू द्या. तिथली जमीन कडक आहे, मुळ्या आहेत, वर सावली. काही येत न्हाई तिथं. उगा मेहनत वाया. आपलं सहज लिहिलं.

तुहा धाकटा, दूर असला तरी धाकटाच,
भुजंग


कोयनानगर,
ता. २७ फेब्रुवारी १९५८

रामकिसनभाऊ यांस नमस्कार. मायला नमस्कार.

पत्र पोचलं. मजकूर कळला.

निंबाखालचा कोपरा तू बद्रीला देऊन टाकलास. "तेरा बाजार त्यानं स्वतःच्या जिवावर खाल्लं, त्याला वावरात त्याचं म्हणून काहीतरी पाहिजे," हे तुहं म्हणणं. त्यानं तिथं वांग्याची रोपं लावली, ती रुजली बी, अन् सगुणाबाईनं धाकट्या पोरीच्या लग्नाला तीच वांगी सांगून ठेवली. अक्षयतृतीयेचं लग्न. मोठीच्या लग्नात ज्या वावरानं घात केला, धाकटीच्या लग्नात त्याच वावराची भाजी, मंग गावाचं तोंड कायमचं बंद, असं ती म्हणली. बरोबर आहे तिचं.

कडक जमीन आहे म्हणलो होतो मी. तर तू लिहितोस, बद्रीनं कुदळ मारून पाह्यली, माती लोण्यासारखी निघाली. मंग मी कोण सांगणारा? पाच वर्षं दूर असलेल्या माणसाला वावरातलं काय कळतं?

लाव म्हणावं त्याला. चांगली जागा आहे. पाणी भरपूर दे म्हणावं, मुळं खोल जाऊ दे.

मला विचारायला हवं होतं असं मी म्हणत न्हाई. वाटणीत माहं नाव आहे का न्हाई हे बी विचारत न्हाई. बापानं मरताना दोघांचे हात एकात दिले होते, तवा बद्री दाराशी उभा होता एवढं मला आठवतं. आता तो आत आहे अन् दाराशी मी. माणसं अशीच जागा बदलतात. गावात विचारलं तर लोक सांगतील, रामकिसनला भुजंग नावाचा एक भाऊ होता, कुठंतरी बोगद्यात आहे, अन् बद्री नावाचा आहे तो इथंच आहे.

मी येणार न्हाई. लग्नाला न्हाई, अक्षयतृतीयेला न्हाई, कधीच न्हाई म्हणलं तरी चालंल. माही वाट पाहू नका.

काल बोगद्यात एक दगड पायाजवळ पडला, लागलं न्हाई. मायला सांगू नका. सांगा नाहीतर. कोणाला काय फरक पडतो.

तुहा भाऊ, अजून धरत असशील तर,
भुजंग


कोयनानगर,
ता. २४ मार्च १९५८

बद्रीनाथास,

भुजंगाचा नमस्कार. तुह्या नावानं हे पहिलंच पत्र. आजवर तुला शिव्या दिल्या त्या भावाच्या पत्रातून दिल्या.

हे पत्र आधी एकट्यानं वाच. मंग भाऊला अन् मायला बसव अन् त्यांना वाचून दाखव. पण सगळ्यात आधी हातातलं काम टाक. निंबाखाली हौद खोदायला घेतला असशील तर कुदळ थांबव. वांगी धरली असतील तर एक बी तोडू नको. आज सकाळी पोस्टातल्या बाबूकडून तार केली, "हौद खोदू नका वांगी तोडू नका." ती पोचली असंल. तारेत कारण लिहिता आलं न्हाई. ते इथं लिहून राह्यलो.

परवा मायचं पत्र आलं. तू सरकी आणायला जालन्याला गेल्तास म्हणून तिनं ते गिरिधर गुरुजींकडून लिहून घेतलं. पहिल्यांदा मायचं बोलणं मी दुसऱ्याच्या अक्षरात वाचलं. तिनं जे सांगितलं ते गुरुजींनी तसंच्या तसं उतरविलं, खोडाखोड न करता. ते मी तुला खाली उतरवून देतो, तुलाच कळावं म्हणून:

"बाबा भुजंगा, तुह्या पत्रांनी जीव थंड होतो. माही पितळी घासून ठेवा, मी त्यातच जेवायला येणार, असं तू लिहिलंस तवापासून मी दर अमावस्येला ती चिंचेनं घासून ठेवते. बद्री अजून पळसाच्या पानावर जेवतो. म्हणलं पितळीत घे बाबा, तर म्हणतो ती भुजंगाची, तो आल्यावर मला मार खायचा न्हाई. आगटीपाशी तुही आठवण सगळ्यांनी काढली, अन् तू बी लिहिलंस की पुढच्या साली कणसं मीच भाजीन. बोगद्यात दगड पडला अन् तुला मायची आठवण झाली, हे बद्री वाचताना रडला, मी बी रडले. तू अक्षयतृतीयेला येतो लिहिलंस तवापासून रामकिसन रोज दिवस मोजतो. बद्रीचं नाव तू दर पत्रात काढतोस, त्याला पाणी पी म्हणून सांगतोस, एवढी माया सख्ख्यात बी नसते. बद्री आता निंबाखाली हौद खोदणार आहे, मोटेचं पाणी आधी त्यात अन् मंग सगळ्या वावराला. तू आलास की दोघं मिळून खोदा."

बद्री, मी हे वाचून खाली बसलो. खोटं न्हाई, बोगद्याच्या तोंडाशी दगडावर बसलो, मुकादम ओरडला तरी उठलो न्हाई.

यातलं एक बी मी लिहिलं नव्हतं. पितळीत त्याला वाढू नका लिहिलं होतं. येणार न्हाई लिहिलं होतं. पाणी पी हे कसं लिहिलं होतं ते तुला माहीत आहे. तू कागदाकडं पाहून, माह्याच शिव्या डोळ्यापुढं धरून, तोंडानं दुसरंच वाचत गेलास. किती पत्रं? सगळीच? मायला खोटं वाचून दाखवायचं अन् ते बी असं की गावात माहं नाव चांगलं राहावं. मला तुहा राग आला हे आधी सांगतो. माहं वाईटपण बी तू मला ठेवू दिलं न्हाईस.

अन् मंग मला तो कोपरा आठवला.

आता ऐक. टोळ आले त्या साली मी सरकारी माणसांच्या हाताखाली पावडर फवारायच्या कामावर होतो. उरलेल्या गोण्या भोकरदनला परत पोचवायच्या होत्या. त्यातल्या चार मी आपल्या वावरात उतरवून घेतल्या. कशाला? तर वांग्याला. त्या साली भाऊनं चार सरी वांगी लावली अन् मला एक सरी दिली होती, ही तुही म्हणून. बाजारात सगळे म्हणायचे, रामकिसनची वांगी. माह्या सरीच्या वांग्याला बी रामकिसनचीच म्हणायचे. मला एकदा, फक्त एकदा, भुजंगाची वांगी असं ऐकायचं होतं.

सरकारी माणूस सांगून गेला होता, चिमटीनं टाका, फळावर टाकू नका. मी टोपल्यानं टाकली. पाण्याच्या पाटात बी सोडली. किडीचं नाव राह्यलं न्हाई. वांगी अशी फुगली, अशी चकाकली की बाजारात सगुणाबाई दुरून थांबली अन् म्हणली, "ही कोणाची?" मी म्हणलो, "माही." ती म्हणली, "भुजंगाची वांगी दे सगळी, लग्नाला पाहिजेत." लग्नाच्या दिवशी सकाळी तोडायच्या आधी बी मी वरून पावडर भुरभुरली, अन् पांढरी दिसू नये म्हणून एक-एक वांगं धोतराच्या सोग्यानं पुसून दिलं.

बावीस माणसं. तिचा बैल.

एक गोणी संपली होती. तीन भरलेल्या होत्या. केदारखेड्याची बातमी आली तसा मी पळत वावरात गेलो अन् त्या तीन गोण्या निंबाच्या बुडाशी, विहिरीच्या बाजूला, कंबरभर खोल पुरल्या. तिथं माती लोण्यासारखी निघाली ना? मीच खोदून भरलेली आहे, म्हणून.

चावडीत भाऊ उठून "माह्या हातून झालं" म्हणला, तवा त्यानं सगळ्या पंचांकडं पाह्यलं, फक्त माह्याकडं पाह्यलं न्हाई. त्यावरून मला कळलं की त्याला ठाऊक आहे. पुरलेलं ठाऊक न्हाई, केलेलं ठाऊक आहे. त्यानं मला वाचविलं अन् मला ते सहन झालं न्हाई. माह्या चुकीचं श्रेय बी त्यानंच घेतलं असं वाटलं, बघ माणूस किती हलका असतो. पंधरा दिवसांत मी गाव सोडलं.

तू वीतभर माती खरवडली. पण निंबाखाली काही पेरलं नव्हतं, म्हणून तिथं हात लावला न्हाई. बरोबर केलंस, तुला काय माहीत. सगळं वावर साफ आहे. तुम्ही खाल्लं ते साफ होतं, सगुणाबाईनं खाल्लं ते साफ होतं. इख फक्त त्या कोपऱ्यात आहे, अन् तिथंच तुही वांगी आहेत, अन् तिथंच तू हौद खोदून त्याचं पाणी सगळ्या वावराला देणार होतास.

आता जे लिहितो ते लिहायला मला दोन दिवस लागले. भाऊनं कोपरा तुला दिला हे कळलं, तवा मला गोण्या आठवल्या. लगेच आठवल्या. हातात कागद होता. अन् मी लिहिलं, लाव म्हणावं, पाणी भरपूर दे म्हणावं. वांगी कोणाच्या पंगतीला जाणार हे मला ठाऊक होतं. म्हणजे कोणाचं वाईट व्हावं असं मी ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. मला फक्त एवढंच दिसत होतं की पुढच्या खेपेला तुही वांगी बिघडतील अन् लोक म्हणतील, बद्रीची वांगी. जसं मला ऐकायचं होतं तसंच.

ते पत्र बी तू गोड करून वाचलंस. मी ज्या ओळीत तुह्या पायाखाली खड्डा केला, त्याच ओळीत तू माह्या तोंडी माया घातलीस.

आता काय करायचं ते सांगतो. वांगी देठासकट उपटा अन् माळावरच्या जुन्या खड्ड्यापाशी नेऊन जाळा, गुराला पाला लागू देऊ नका. धुराच्या वाऱ्याला उभं राहू नका. गोण्यांना तू हात लावायचा न्हाई. भाऊनं बी न्हाई. ते माहं काम आहे, मी येऊन काढतो. भोकरदनच्या साहेबाला कळवून त्यांचा माणूस बोलवा, कसं काढायचं अन् कुठं पुरायचं ते तो सांगंल. चोरी माही आहे हे बी त्याला सांगा.

अन् सगुणाबाईकडं भाऊनं आजच जायचं. लपवायचं न्हाई. लपवलं तर तिला आज न्हाई उद्या कळंल, अन् मंग ती तेरा बाजार काय, तेरा जन्म वावराकडं पाहणार न्हाई. मला माहीत आहे, हे सांगितल्यावर बाजारात काय होईल. टोपली भरलेली परत येईल. लोक म्हणतील, पाह्यलं, म्हणलो नव्हतो का. तीन वर्षांची तुमची मेहनत एका दुपारी मातीत जाईल, अन् ती मी घालविली असं होईल. तसंच होईल. पण बाईला सांगा, वांगी मागं घ्यायला आम्ही स्वतः आलो, तुह्या नाकाच्या आधी. तिला कळंल. हिशोबी बाई आहे, पण न्यायाची आहे.

ती बारा बाजार परत सांगंल. चोवीस सांगंल. सांगू दे. या खेपेला चुलीपुढं मी बसणार. तीन दगड मीच मांडीन. तू न्हाई, भाऊ न्हाई, मी खाईन. पाच वर्षं मी वांगं तोंडाला लावलं न्हाई बद्री. इथला म्हातारा सैपाकी विचारून थकला. पहिला घास सगुणाबाईच्या हातानं खाईन, तिनं दिला तर. माही जीभ पाहू दे, पापणी ओढू दे. बैलाबद्दल काय म्हणायचं ते तिला म्हणू दे, बाजारादेखत.

मुकादमाला सांगून टाकलं आहे. महिना भरायच्या आत निघतो. अक्षयतृतीयेच्या आधी पोचतो. मी येणार न्हाई असं लिहिलं होतं, पण तू माह्या नावानं येतो म्हणून कबूल करून बसलास, अन् मायनं पितळी घासून ठेवली. आता तुला खोटं पाडायची माही हिंमत न्हाई.

मला तुही असूया वाटते, हे बी लिहून टाकतो. आज बी वाटते. कवड्या तुह्या हाताला वळतो, माय तुला हाक मारते, भाऊ तुह्यावर विसंबतो. मी आलो तरी ती लगेच जाणार न्हाई. पण तू पानावर जेवत असशील तर मी पितळीत जेवणार न्हाई. एकतर दोघांना पानं, न्हाईतर मायनं दुसरी पितळी काढावी.

आता भाऊला अन् मायला बसव. कवाड लाव, गल्लीला नंतर सांगू. अन् वाच. या खेपेला एक अक्षर बदलू नको. जिथं शिव्या होत्या तिथं तू माया वाचलीस, ते मी तुला माफ करतो न करतो तो भाग वेगळा. पण जिथं गुन्हा आहे तिथं गुन्हाच वाच. "पाणी भरपूर दे म्हणावं" ही ओळ आली की अडखळू नको, आवाज बारीक करू नको. माय रडली तर थांब, मंग पुढचं वाच. भाऊ उठून गेला तर त्याला परत बसव.

सगळं वाचून झालं म्हणून सांग. मंग माय विचारील, "खाली सहीपाशी काय लिहिलंय त्यानं? कोणाचा कोण म्हणून लिहिलंय?" तिथं मी काही लिहिलं न्हाई. जागा कोरी ठेवली आहे. तेवढं तुह्या मनानं वाच.

भुजंग